सर्वपित्री ते भाऊबीज: घराण्याच्या इतिहासाचा एक महिना

रायपूरच्या एखाद्या जुन्या मराठी घरातली पदवीची प्रमाणपत्रे ओळीने मांडली, तर नातवंडे आधी गोंधळतात. पणजोबा 1923 च्या आधी बी.ए. झाले असतील तर प्रमाणपत्र अलाहाबाद विद्यापीठाचे. आजोबांचे नागपूरचे, कारण नागपूर विद्यापीठ 1923 साली निघाले. काकांचे सागरचे, ते विद्यापीठ 1946 चे. आत्याचे रविशंकर विद्यापीठाचे, ते 1964 मध्ये सुरू झाले. मंडळी सारखी गावे बदलत होती की काय, असे वाटावे. प्रत्यक्षात बिऱ्हाड रायपूरच्या तात्यापाऱ्यातच होते. बदलत गेला तो कारभार. 1956 पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. मग ती भोपाळला गेली आणि 1 नोव्हेंबर 2000 पासून खुद्द रायपूरच राजधानी झाले.

इथल्या मराठी माणसाला आपल्या घराण्याचा माग काढताना जी अडचण येते, तिचे मूळ या सरकत्या राजधान्यांमध्ये आहे. पुण्यातल्या माणसाला निदान कुठे विचारायचे ते ठाऊक असते. पेशवे दप्तर आहे, वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने 1910 मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मूळ गावचा तलाठी आहे. रायपूरच्या घराचे कागद मात्र नागपूर, भोपाळ आणि रायपूर अशा तीन ठिकाणी पांगलेले असतात. शिवाय थोडे आजीच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात आणि देवघराच्या खालच्या खणात.

दिवाळीच्या तोंडावर हा विषय काढण्याचे कारण साधे आहे. घराण्याचा शोध कधीच पुरा होत नाही. एक नाव सापडले की त्यामागे चार नावांचा प्रश्न उभा राहतो, आणि ‘सगळे नीट जमले की पुस्तक काढू’ म्हणता म्हणता सांगणारी माणसे एकेक करून जातात. म्हणून पुस्तकाचा संकल्प बाजूला ठेवून एखादी छोटी वस्तू ठरावीक तारखेला पुरी करावी. भाऊबिजेला बहिणीच्या हातात द्यायची भेट ठरली की शोधाला आपोआप मर्यादा पडते. पंचांगानेही सोय करून ठेवली आहे: सर्वपित्री अमावास्येला पितरांची नावे घरात उच्चारली जातात आणि तिथून बरोबर एका महिन्याने, आश्विन अमावास्येला, लक्ष्मीपूजन असते. 2020 सारखा अधिक आश्विन आला तर दोन महिने मिळतात.

पण आधी ही माणसे इथे आली कशी, ते पाहायला हवे. कारण कागद कुठे शोधायचा हे त्यावरच ठरते.

1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले असता रतनपूर त्यांच्या हाती आले. पुढे पहिल्या रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. त्यांच्याबरोबर मराठी बोली आली, मोडी लिपी आली आणि दसऱ्याला सोने वाटण्याची चालही आली. बिंबाजींनंतर सुभेदार आले. त्यांपैकी विठ्ठल दिनकरांनी 1790 च्या सुमारास परगण्यांची पद्धत बसवली आणि कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे अशी पदे नेमली. त्यातली काही पदे पुढे आडनावे होऊन टिकली. म्हणून आडनाव पदाचे असेल, तर पहिला पुरुष सुभ्याच्या काळात कारकुनीसाठी आला असावा, असा निदान एक धागा हाती लागतो. 1818 नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले आणि कारकून, वकील, सावकार हळूहळू या गावात जमले.

छत्तीसगड इंग्रजांकडे गेले तेही एका वंशावळीच्या प्रश्नावरून. तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. दत्तक मान्य करायला डलहौसी तयार झाला नाही आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. कुणाचा मुलगा कोण आणि दत्तक कुणी कुणाला घेतले, ही घरगुती वाटणारी नोंद या मुलखात केवढी मोठी ठरली, याचे दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

मराठी माणसे त्यानंतरही येतच राहिली. नागपूर-राजनांदगाव रेल्वे 1880 च्या दशकात सुरू झाली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती कलकत्त्याच्या बाजूला जोडली. राजनांदगावला कापडाची गिरणी निघाली. 1959 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातले तंत्रज्ञ, शिक्षक, परिचारिका आल्या. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ 1935 सालचे. म्हणजे आजच्या ‘रायपूरचे मराठी’ या एका शब्दप्रयोगाखाली भोसल्यांच्या सुभ्यातला फडणवीस, रेल्वेतला गार्ड, गिरणीतला कामगार आणि पोलाद कारखान्यातला फिटर अशी निरनिराळी घराणी येतात. प्रत्येकाचा कागद वेगळ्या कपाटात आहे.

ज्यांच्याकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करण्याचा हक्क, होती त्यांचे काम त्या मानाने सोपे. मध्य प्रांतात इंग्रजी बंदोबस्तात मालगुजारांची नावे गाववार लिहिली गेली आणि 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपेपर्यंत ती लिहिली जात राहिली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या बंदोबस्ताच्या कागदांना इथे नुसते ‘मिसल’ म्हणतात. जातीचा दाखला काढायला तहसीलीत गेलेल्या प्रत्येकाला हा शब्द पाठ असतो. 1954-55 चा ‘अधिकार अभिलेख’ हा दुसरा टप्पा. ‘भुइयाँ’ या सरकारी संकेतस्थळावर आजचा खसरा घरबसल्या दिसतो, पण जुन्या कागदाची नक्कल काढायला अर्ज घेऊन जिल्ह्याच्या अभिलेखागारातच जावे लागते. त्यातही एक मेख आहे. दुर्ग जिल्हा 1906 मध्ये झाला. धमतरी आणि महासमुंद 1998 मध्ये, बलौदा बाजार आणि गरियाबंद 2012 मध्ये रायपूरपासून वेगळे झाले. आजोबांच्या पत्रात ‘जिल्हा रायपूर’ असलेले गाव आज रायपुरात नसण्याची शक्यता बरीच मोठी. अर्ज करण्याआधी ते गाव आज कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या तहसिलीत आहे, एवढे पाहून घेतले तर एक खेप वाचते.

जमीन नसलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी शाळेची ‘दाखिल-खारिज’ वही ही बहुतेक वेळा सर्वांत जुनी सरकारी नोंद असते. तिच्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, धंदा, जात आणि जन्मतारीख मिळते. जन्मतारीख 1 जुलै असेल तर जपून. शाळा जुलैत उघडत असल्याने गुरुजींनी अंदाजाने तीच तारीख घातलेली मुले पिढ्यान् पिढ्या आहेत. खेड्यातल्या जन्म-मृत्यूची खबर गावचा राखणदार, म्हणजे कोटवार, ठाण्यावर देत असे, त्या नोंदीही काही ठिकाणी टिकल्या आहेत. राजनांदगाव-भिलाईकडच्या मराठी बौद्ध कुटुंबांना शाळेची वही, नोकरीचे सेवापुस्तक आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर काढलेले फोटो जे सांगतात, ते कुठल्याही तीर्थाच्या बाडात मिळत नाही. घराण्याचा इतिहास म्हणजे उपाध्यायाची वही, अशी एक समजूत आहे. ती सगळ्यांना लागू पडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

तरीही ज्यांचे पूर्वज नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी किंवा गयेला गेले, त्यांनी ही वाट सोडू नये. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि मूळ गाव सांगितले की वही काढली जाते. तीत पूर्वी येऊन गेलेल्यांची नावे, कधी कधी त्यांच्याच हस्ताक्षरात, असतात. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळी संस्थेने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हरिद्वार वगैरे ठिकाणच्या अशा बह्यांची सूक्ष्मचित्रे काढून ठेवली, इतके या बह्यांचे महत्त्व बाहेरच्या जगालाही वाटले. दक्षिण महाराष्ट्रातून आलेल्या घराण्यांनी गावी हेळव्यांची चौकशी करावी. घरोघर जाऊन वंशावळ वाचणारा आणि तीत नव्या जन्मांची भर घालणारा हा समाज आजही आहे. उत्तरेकडच्या काही समाजांत हेच काम भाट करतात.

जनगणनेवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेत 72 वर्षांनी आणि इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी जनगणनेची घरवार पाने लोकांना खुली होतात. 2022 मध्ये अमेरिकेने 1950 ची आणि इंग्लंडने 1921 ची पाने उघडली. आपल्याकडे 1948 च्या कायद्याने ती गोपनीय आहेत. म्हणून इंग्रजी पुस्तकांतला वंशावळ शोधण्याचा पहिला धडाच इथे गैरलागू ठरतो आणि घरातल्या कागदाचे मोल वाढते.

महाराष्ट्रात या कामाची स्वतःची परंपराही आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले. मूळ पुरुष, शाखा, कोण कुठे गेला, कुणी कोणती नोकरी केली, असा सगळा तपशील त्यांत असतो. शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटरसन यांनी चित्पावन कुलवृत्तान्तांना समाजाच्या अभ्यासाचे साधन मानून त्यांवर लिहिलेला निबंध 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. रायपूरच्या माणसाने आपल्या आडनावाचा कुलवृत्तान्त नागपूर-पुण्याच्या ग्रंथालयांत जरूर शोधावा. पुष्कळदा तिथे आपल्या शाखेपुढे ‘नागपूर प्रांती गेले’ अशा दोन-तीन शब्दांवर नोंद थांबलेली दिसते. तिथून पुढचे लिहिणे हे रायपूरकरांचेच काम आहे.

अलीकडे हा विषय घरोघर पोचला तो वेगळ्या कारणाने. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे कुणबी नोंदी शोधण्याचे काम दिले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कधी कुणी न उघडलेली दप्तरे उघडली गेली. त्या निमित्ताने एक गोष्ट अनेक कुटुंबांना कळली: जुना कागद वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी होत नाही.

आता घरातला गठ्ठा. सुरुवात लग्नपत्रिकांपासून करावी, असा आग्रह आहे. पत्रिकेत ‘ज्येष्ठ कन्या’, ‘द्वितीय चिरंजीव’ असे लिहिलेले असते, म्हणजे भावंडांचा क्रम कळतो. ‘आपले नम्र’खाली काका-मामांची नावे वयाच्या क्रमाने येतात, म्हणजे त्या तारखेला कोण हयात होते तेही कळते. वधूच्या वडिलांचे गाव, कार्यालयाचा पत्ता, छापखान्याचे नाव, सारे एका पानावर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलीचे माहेरचे नाव.

कारण वंशावळीत बाई हरवते ती इथेच. लग्नात नाव बदलण्याची रीत होती. तांदळावर नवे नाव लिहिले गेले आणि माहेरची वत्सला सासरी आल्यावर लक्ष्मी झाली. माहेरच्या वंशावळीत तिच्या नावापुढे रेघ नाही, सासरच्या वंशावळीत ती ‘अमुकची पत्नी’. पटवाऱ्याने फौतीच्या वेळी काढलेल्या वंशवृक्षाचा उद्देश जमिनीचे वारस ठरवणे हा असतो. 1956 चा वारसा कायदा येण्याआधीच्या कागदांत लेकी सहसा नसतातच. रायपूरच्या घरांसाठी हे दुहेरी नुकसान आहे. इथल्या मुलांना मुली बहुतेक नागपूर, अमरावती, जबलपूर, बिलासपूरकडच्या मिळाल्या. इथल्या मुली तिकडे गेल्या. पुरुषांची ओळ धरून शोध घेतला तर तो रायपुरातच घुटमळतो. महाराष्ट्राशी जोडणारी जिवंत तार बायकांच्या माहेरांतून गेलेली आहे.

गंमत अशी की कागदाने जे केले नाही ते विधीने केले. महालयात बाप, आजा, पणजा यांच्यापाठोपाठ आई, आजी, पणजीची नावे घ्यावी लागतात आणि मग आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्या येतात. म्हणून ज्या घरात श्राद्ध होते, तिथे एका वहीत किंवा गुरुजींच्या कागदावर ही नावे गोत्रासकट लिहिलेली असतात. पणजीचे नाव घरात कुणालाच आठवत नसले तरी त्या कागदावर ते असते. यंदा पितृपंधरवड्यात गुरुजी आले की त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा.

नावांचे आणखी एक कोडे आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची पद्धत असल्याने गोविंद रामचंद्र, रामचंद्र गोविंद, पुन्हा गोविंद रामचंद्र अशी साखळी तयार होते. त्यात मधली एखादी पिढी सहज गळते किंवा दोन माणसे एक होतात. इथल्या दप्तरात ‘वल्द’ लिहून बापाचे नाव येते, पण शाळेत हिंदी पद्धतीने मधले नाव गाळले जाते आणि कुणी आदराने ‘राव’ जोडते. म्हणजे जी. आर. देशपांडे, गोविंद देशपांडे आणि गोविंदराव वल्द रामचंद्र हे एकच की आजोबा-नातू, हे ठरवायला साल लागते.

आणि साल लावताना रायपूरच्या माणसाची खरी परीक्षा होते. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, छत्तीसगडातल्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हींचे महिने जुळतात, पण वद्य पक्षात हिंदी महिना एकाने पुढे असतो. आपली श्रावण वद्य अष्टमी म्हणजे त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी; जन्माष्टमी एकच. समजा, एका घरात पणजोबांची तिथी मराठी वहीत ‘शके 1850, माघ वद्य 5’ अशी आहे आणि शेजारच्या पंडितजींनी लिहून दिलेल्या कागदावर ‘संवत 1985, फाल्गुन कृष्ण 5’. घरात वाद होतो की खरी कोणती. दोन्ही खऱ्या आहेत. शकात 78 मिळवायचे, आणि तारीख जानेवारी ते फाल्गुनअखेर अशी पडत असेल तर 79. संवतातून 57 वजा करायचे, त्याच काळासाठी 56. दोन्हीकडून 1929 येते, फेब्रुवारीची अखेर किंवा मार्चचा आरंभ. आपली वर्षश्राद्धे आपण चुकीच्या महिन्यात तर करत नाही ना, या शंकेने अस्वस्थ असलेल्या घरांना एवढ्या हिशोबाने दिलासा मिळतो.

मापांचेही तसेच. धानाच्या हिशोबात ‘खंडी’ आली की महाराष्ट्रातला माणूस वीस मण धरतो. इथे ‘काठा’ या मापाने वीस काठ्यांची खंडी होते, आणि ती खूपच लहान. पणजोबांच्या शेताचे उत्पन्न एकदम डोळे दिपवणारे वाटले, तर आधी खंडी कुठली ते बघावे.

भाषेचा धागाही सोडू नये. 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोळकर त्यांचे सहसंपादक आणि रायपूरचे वामनराव लाखे प्रकाशक. सप्र्यांनी समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले आणि 1926 मध्ये रायपुरातच ते वारले. आज लाखेनगर आणि सप्रे शाळा ही नावे रोजच्या वापरात आहेत. सामान्य घरांतही हाच प्रवास झाला: जमाखर्च मोडीत, आजोबांची पत्रे बाळबोधीत, वडिलांचे अर्ज हिंदीत, मुलांचे निरोप रोमन लिपीत. शोधणाऱ्याने हिंदी कागद ‘आपला नव्हे’ म्हणून बाजूला टाकू नये.

मग हे सगळे लावायचे कसे? कपाट भरून जमवलेले लोक पुष्कळ आहेत, लावलेले थोडे. वंशवृक्ष वरून खाली, म्हणजे मूळ पुरुषापासून काढायला घेतला की पहिल्याच फांदीवर वाद होतो आणि काम थांबते. त्यापेक्षा खालून वर जावे. त्यासाठी युरोपात 1590 पासून वापरात असलेली, मिखाएल आयत्सिंगर यांनी छापलेली क्रमांकांची एक सोपी रीत आहे. स्वतःला 1 द्यायचा. वडील 2, आई 3. वडिलांचे वडील 4, वडिलांची आई 5, आईचे वडील 6, आईची आई 7. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचा बाप, त्यात एक मिळवला की आई. पणजोबा-पणज्या 8 ते 15 मध्ये संपतात. या रीतीचा मोठा गुण असा की बाईला जागा दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. 15 चा रकाना, म्हणजे आईच्या आईची आई, रिकामा डोळ्यांत खुपतो. बहुतेक घरांत तिथे नाव लिहायला फोनच करावा लागतो.

प्रत्येक क्रमांकाला एक जाड लिफाफा, वर पेन्सिलीने क्रमांक आणि नाव. त्या माणसाचा जो कागद मिळेल तो त्यात. कागद दोघांचा असेल तर एकाच्या लिफाफ्यात मूळ आणि दुसऱ्यात चिठ्ठी. प्रत्येक माहितीखाली ती कुठून कळली हे लिहावे: ‘दाखिल-खारिज’, ‘लग्नपत्रिका’, ‘मोठी आत्या, फोनवर’. दोन तारखा जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. फोनमध्ये फोटो काढून नुसते साठवले तर पुढच्या वर्षी सापडत नाहीत; नावाची सुरुवात सालाने करावी, मग क्रमांक आणि मग दोन शब्द, की सगळे आपोआप ओळीत बसतात. लहान फोटो स्कॅन करायचा तर 600 डीपीआयवर, कागद 300 वर. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे.

रायपूरचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो आणि पावसाळ्यात कपाटाला बुरशीचा वास येतो. पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेले फोटो दोन्हीकडून मार खातात. जुन्या कागदाला सेलोटेप लावू नये, पिवळा डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. झेरॉक्सच्या दुकानात आपुलकीने सुचवले जाते, पण उष्णतेने चिकटलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो जबरदस्तीने ओढण्याआधी आहे तिथेच त्यांचा फोटो घ्यावा.

वडीलधाऱ्यांना विचारताना ‘घराण्याचा इतिहास सांगा’ म्हटले की ते गप्प होतात किंवा ऐकीव मोठेपण सांगतात. त्यांच्यापुढे वस्तू ठेवावी. हा पितळी डबा कुणाच्या रुखवतात आला? या फोटोत डावीकडून तिसरी कोण? तेवढ्यावर तासभर बोलणे होते. रायपूरच्या आजीच्या मराठीत ‘दाऊ’, ‘बाड़ी’, ‘तीजा’ असे छत्तीसगडी शब्द सहज येतात. लिहून घेताना ते सुधारू नयेत. ती नागपूरच्या आजीसारखी बोलत नाही, यातच तिची साठ वर्षे आहेत.

आता भेट. सर्वांत उपयोगी पडते ती घरची दिनदर्शिका. बारा पाने, प्रत्येक पानावर एक जुना फोटो आणि त्याखाली फोटोतल्या सगळ्यांची पूर्ण नावे. तारखांच्या चौकटीत वाढदिवस आणि तिथीने येणारी श्राद्धे. ती स्वयंपाकघरात टांगली जाते, म्हणजे वर्षभर वाचली जाते. जवळच्या डीटीपीवाल्याकडे दिवाळीआधीच्या आठवड्यात गर्दी असते, त्यामुळे मजकूर दसऱ्यापर्यंत हातावेगळा करावा.

दुसरी भेट फराळाची पुस्तिका. आजीच्या हस्ताक्षरातली कृती टाइप न करता तशीच छापावी आणि समोरच्या पानावर आजच्या मापात उतरवावी. अनारशाची कृती बहुतेक घरांत ‘तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलणे’ इथून सुरू होते आणि खसखशीवर संपते. इथल्या घरांत तिच्या शेजारी शेजारणीकडून शिकलेला तांदूळ-गुळाचा अइरसा आणि पोळ्या-तीजाची ठेठरी-खुरमीही लिहिलेली सापडते. कृतीखाली ‘कुणाकडून’ हे जरूर लिहावे. सासूकडून सुनेला आणि शेजारणीकडून शेजारणीला आलेली ही ओळ कुठल्याही कुलवृत्तान्तात छापली गेली नाही.

तिसरी, आणि मनाला सर्वांत जवळची, गोधडी. आजीच्या नऊवारीचे चांगले राहिलेले तुकडे, त्यावर घरातल्याच कुणी घातलेले धावदोऱ्याचे टाके. मागच्या बाजूला हातभर पांढऱ्या कापडाची पट्टी शिवावी आणि तीवर दोऱ्याने किंवा धुऊन न जाणाऱ्या शाईने लिहावे: लुगडे कुणाचे, कोणत्या प्रसंगाचे, गोधडी कुणी शिवली, साल कोणते. पट्टी नसेल तर तिसऱ्या पिढीत ती नुसती जुनी गोधडी होते.

भाऊबिजेची भेट बहिणीसाठी असेल तर तिच्या नावाला 1 देऊन पंधरा रकान्यांचा तक्ता काढावा. तो वडिलांच्या घराण्याचा तक्ता राहत नाही. ती मधोमध असते आणि तिच्या चारही आज्या-आजोबांची घरे सारख्या मापाने दिसतात. तिच्या मुलांच्या तक्त्यात हाच तक्ता खालची अर्धी बाजू होईल.

वाटण्याआधी मात्र काही गोष्टी पाहाव्यात. हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव हे दोन्ही एकत्र कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर फिरू देऊ नयेत. फसवणूक करणाऱ्यांना तेच हवे असते. दत्तक, दुसरे लग्न, सोडून दिलेली बायको, लवकर गेलेले मूल, हे विषय ज्यांच्याशी थेट संबंधित आहेत त्यांना विचारल्याशिवाय छापू नयेत; आणि त्यांनी होकार दिला तर लपवूही नयेत. दिनदर्शिकेवर न घातलेले नाव लिफाफ्यात तरी असावे.

मूळ कागद कुणाकडे राहतील, हे भेटी वाटतानाच ठरवून टाकावे आणि ‘कोणता कागद कुणाच्या घरी’ अशी यादी सगळ्यांना द्यावी. मोडीतली बाडे आणि मालगुजारीचे हिशोब घरात कुणाच्याच उपयोगाचे नसतील, तर ती रद्दीत घालण्याआधी नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाला दाखवावीत. भेटीच्या शेवटच्या पानावर एक फोन नंबर आणि दुरुस्त्यांसाठी मोकळ्या ओळी सोडाव्यात. कार्तिकात पहिले फोन येतात ते बहुधा चुकांचे: आत्याचे नाव शांता होते, शारदा नव्हे, फोटो रायपूरचा नव्हे, धमतरीचा. त्या दुरुस्त्या सांगणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट त्या त्या लिफाफ्यात गेल्या, की पुढच्या दिवाळीच्या प्रतीचे निम्मे काम झालेले असते.